तारखा कुठे राहणार, ते आधी ठरवा
विंडोज, मॅक आणि लिनक्सवर कॅलेंडर बसवण्याची रीत

मोबाईलमध्ये कॅलेंडर असताना संगणकावर वेगळं कशाला बसवायचं, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. ज्यांना दिवसातून दोन-चार नोंदीच पाहायच्या असतात, त्यांना खरोखरच गरज नाही. पण दवाखान्याच्या अपॉइंटमेंट, शिकवणीच्या बॅचेस, सोसायटीच्या सभा, जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांच्या ११ आणि २० तारखा असं सगळं ज्यांना एकाच वेळी सांभाळावं लागतं, त्यांना अख्खा महिना एका नजरेत दिसायला हवा आणि नोंदी भराभर टाकायला कीबोर्ड हवा. अशांसाठी हा लेख आहे.

कॅलेंडर इन्स्टॉल करणं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. त्यात फार चुकण्यासारखं काही नाही. लोकांची अडचण होते ती नंतर. संगणक बदलला आणि तीन वर्षांच्या नोंदी मागे राहिल्या, मोबाईलमधल्या तारखा संगणकावर दिसेनात, एकच सभा तीनदा दिसायला लागली. या सगळ्याचं मूळ एकच असतं: नोंदी नेमक्या कुठे साठतात, हे सुरुवातीला ठरवलेलं नसतं. म्हणून आधी ते ठरवू आणि मग इन्स्टॉल करण्याकडे वळू.

नोंदी कुठे ठेवायच्या?

पर्याय दोनच आहेत. पहिला, नोंदी ऑनलाइन खात्यात ठेवायच्या: गुगल, आयक्लाऊड, मायक्रोसॉफ्ट किंवा संस्थेचा स्वतःचा सर्व्हर. दुसरा, त्या फक्त आपल्या संगणकाच्या डिस्कवर ठेवायच्या.

खात्यात ठेवल्या की मोबाईल, घरचा लॅपटॉप आणि ऑफिसचा संगणक तिन्हीकडे एकच नोंद दिसते. एकीकडे बदल केला की सगळीकडे होतो. संगणक बिघडला तरी तारखा जात नाहीत. डिस्कवर ठेवल्या तर नोंदी दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर जात नाहीत आणि इंटरनेटचीही गरज पडत नाही, पण मोबाईलवर त्या आपोआप येणार नाहीत आणि बॅकअपची सगळी जबाबदारी आपल्यावर राहते. रुग्णांची नावं किंवा अशिलांच्या तारखा यांसारखी गोपनीय माहिती असेल, तर दुसरा पर्याय विचारात घ्यावा. घरगुती आणि सर्वसाधारण कामासाठी पहिलाच सोयीचा.

खात्याचा पर्याय निवडलात, तर कॅलेंडरचं सॉफ्टवेअर ही त्या खात्याकडे पाहण्याची फक्त एक खिडकी उरते. ती कधीही बदलता येते. हे शक्य होतं दोन खुल्या मानकांमुळे. आयकॅलेंडर हे नोंदी लिहून ठेवण्याचं मानक १९९८ मध्ये आलं आणि २००९ मध्ये सुधारलं गेलं. आयसीएस नावाची फाइल तुम्हाला ईमेलमधून कधी आली असेल, तर ती याच मानकानुसार बनलेली असते. दुसरं कॅलडॅव्ह. सर्व्हर आणि संगणक यांच्यात नोंदींची ये-जा कशी व्हावी, हे ते ठरवतं आणि ते २००७ मधलं आहे. नवं सॉफ्टवेअर घेताना ही दोन नावं त्याच्या माहितीत आहेत का, एवढं पाहा. नसतील तर तुमच्या तारखा त्याच सॉफ्टवेअरमध्ये अडकून पडण्याची शक्यता असते.

कोणतं सॉफ्टवेअर?

तीन साधी उत्तरं देता येतील. मॅक वापरत असाल तर त्यात आधीपासून असलेलं कॅलेंडर पुरेसं आहे. ऑफिसचं खातं मायक्रोसॉफ्ट ३६५ चं असेल तर आउटलुक हाच सरळ रस्ता. आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालेल असं, फुकट आणि खुल्या परवान्याचं काही हवं असेल तर थंडरबर्ड.

थंडरबर्ड मूळचं ईमेलचं सॉफ्टवेअर. त्याचं कॅलेंडर पूर्वी 'लाइटनिंग' नावाचं वेगळं ॲड-ऑन घेऊन जोडावं लागे. २०२० मध्ये आलेल्या ७८ व्या आवृत्तीपासून ते मूळ सॉफ्टवेअरचाच भाग झालं आहे. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकेत 'आधी लाइटनिंग डाउनलोड करा' असं वाचलंत, तर तो टप्पा सोडून द्या. त्या नावाने आज काही शोधत बसलात तर भलतंच काही हाती लागण्याचा धोका आहे.

इन्स्टॉल करण्याआधी

सर्वांत आधी तुमचा संगणक ओळखा. विंडोजवर सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'अबाउट' उघडा. मॅकवर वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' पाहा. आवृत्ती लिहून घ्या. थंडरबर्डच्या सध्याच्या आवृत्त्यांना विंडोज १० किंवा त्यापुढचं, अथवा मॅकओएस १०.१५ किंवा त्यापुढचं लागतं. विंडोज ७ आणि ८ वर चालणारी शेवटची मालिका ११५ ची होती. इतका जुना संगणक असेल, तर तो इंटरनेटला जोडून महत्त्वाची कामं करणं मुळातच जोखमीचं आहे. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट, डाउनलोड कुठून करायचं. सर्च इंजिनमध्ये नाव टाकलं की सर्वांत वर बऱ्याचदा जाहिराती येतात आणि त्यातल्या काही भलत्याच साइटवर नेतात. तिथे मोठं हिरवं डाउनलोडचं बटण असतं आणि हव्या त्या सॉफ्टवेअरबरोबर नको ती दोन-तीन गळ्यात पडतात. म्हणून निर्मात्याच्या अधिकृत साइटवरून किंवा त्या त्या सिस्टीमच्या स्टोअरमधूनच घ्या. थंडरबर्डची साइट त्याच्याच नावाची आणि डॉट नेट असलेली आहे.

तिसरी, जुन्या नोंदींची प्रत. आधी कुठलंही कॅलेंडर वापरत असाल, तर त्यातून आयसीएस फाइल काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. गुगलमध्ये ही सोय संगणकावरच्या ब्राउझरमध्ये मिळते. सेटिंग्जमधल्या 'इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट'मध्ये जाऊन एक्स्पोर्ट केलं की एक झिप फाइल येते आणि तिच्यात प्रत्येक कॅलेंडरची स्वतंत्र आयसीएस फाइल असते.

विंडोजवर

विंडोजमध्ये पूर्वी 'मेल' आणि 'कॅलेंडर' अशी छोटी ॲप्स येत. ३१ डिसेंबर २०२४ ला मायक्रोसॉफ्टने त्यांचा आधार थांबवला आणि त्यांच्या जागी नवं आउटलुक आणलं. ते फुकट आहे आणि त्यात मायक्रोसॉफ्टबरोबर गुगलचं खातंही जोडता येतं. मात्र असं दुसऱ्या कंपनीचं खातं जोडताना एक संदेश येतो: तुमच्या खात्यातला मजकूर मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडशी सिंक केला जाईल. तो नीट वाचा. म्हणजे तुमच्या गुगलमधल्या नोंदींची प्रत आता मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही राहणार. चालत असेल तर पुढे जा, नसेल तर थंडरबर्ड घ्या.

थंडरबर्डसाठी डाउनलोड केलेल्या फाइलवर डबल क्लिक करा. 'या ॲपला संगणकात बदल करू द्यायचे का' असं विंडोज विचारेल. तिथे प्रकाशकाचं नाव मोझिला कॉर्पोरेशन असंच दिसतंय ना, ते पाहून मगच 'यस' म्हणा. नाव अज्ञात दिसलं तर थांबा आणि फाइल काढून टाका. पुढे 'स्टँडर्ड' आणि 'कस्टम' असे दोन पर्याय येतात. त्यात 'स्टँडर्ड' निवडा. ऑफिसच्या संगणकावर ॲडमिनचा पासवर्ड मागितला, तर आडवाटा शोधू नका, सिस्टीम सांभाळणाऱ्या माणसालाच सांगा.

मॅकवर

मॅकचं स्वतःचं कॅलेंडर २००२ पासून आहे. तेव्हा त्याचं नाव आयकॅल होतं, २०१२ पासून ते नुसतं 'कॅलेंडर' झालं. ते इन्स्टॉल करायचं नाही, त्यात फक्त खातं जोडायचं. सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'इंटरनेट अकाउंट्स' उघडा, गुगल किंवा हवी ती सेवा निवडा, साइन इन करा आणि 'कॅलेंडर्स'चं बटण चालू ठेवा. मेल आणि कॉन्टॅक्ट्स नको असतील तर ती बटणं तिथेच बंद करता येतात.

थंडरबर्डच हवं असेल तर डीएमजी प्रकारची फाइल डाउनलोड होते. तिच्यावर डबल क्लिक केलं की एक छोटी चौकट उघडते. डावीकडे थंडरबर्डचं चिन्ह, उजवीकडे 'ॲप्लिकेशन्स'चं फोल्डर. इथे बरेच जण डावीकडच्या चिन्हावरच डबल क्लिक करतात. सॉफ्टवेअर चालूही होतं आणि काम झालं असं वाटतं. पण ते त्या तात्पुरत्या डिस्कवरून चाललेलं असतं. संगणक पुन्हा सुरू केला की डिस्क गायब होते आणि तिच्याबरोबर थंडरबर्डही दिसेनासं होतं. म्हणून चिन्ह ओढून 'ॲप्लिकेशन्स'च्या फोल्डरवर सोडा, कॉपी पूर्ण होऊ द्या, ती डिस्क 'इजेक्ट' करा आणि मग ॲप्लिकेशन्समधूनच उघडा. पहिल्या वेळी 'हे इंटरनेटवरून डाउनलोड केलेलं ॲप आहे' असं मॅक विचारतो, तिथे 'ओपन' म्हणा.

लिनक्सवर

लिनक्सवर साइट शोधत फिरायची गरज नाही. उबुंटूत 'ॲप सेंटर', लिनक्स मिंटमध्ये 'सॉफ्टवेअर मॅनेजर', फेडोरात 'सॉफ्टवेअर' उघडा, थंडरबर्ड शोधा आणि इन्स्टॉल करा. मिंटमध्ये तर ते बहुधा आधीपासूनच असतं. अपडेटही पुढे त्याच वाटेने येत राहतात.

इथे लक्ष द्यायचं ते पॅकेजच्या प्रकाराकडे. एकच सॉफ्टवेअर डेब, स्नॅप किंवा फ्लॅटपॅक अशा वेगवेगळ्या रूपांत मिळू शकतं. उबुंटू २४.०४ मध्ये थंडरबर्ड स्नॅप रूपात येतं. प्रत्येक रूप आपली माहिती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. त्यामुळे आधी एक रूप वापरत होतात आणि नंतर दुसरं बसवलंत, तर कॅलेंडर रिकामं दिसू शकतं. नोंदी पुसल्या गेलेल्या नसतात, त्या जुन्या फोल्डरमध्ये असतात. घाबरून जुनं काही डिलीट करू नका.

फक्त कॅलेंडर हवं आणि ईमेल नको, असं असेल तर ग्नोम कॅलेंडर हलकं आणि सुटसुटीत आहे. सेटिंग्जमधल्या 'ऑनलाइन अकाउंट्स'मध्ये खातं जोडलं की वरच्या पट्टीतल्या घड्याळावर क्लिक केल्यावरही दिवसाच्या नोंदी दिसतात. केडीई वापरणाऱ्यांसाठी कॉर्गनायझर आहे. ऑफिसचं मायक्रोसॉफ्टचं खातं लिनक्सवर जोडायचं असेल तर एव्होल्यूशन आणि त्याचं एक्स्चेंजसाठीचं पॅकेज पाहावं.

इन्स्टॉल न करताही

गुगल कॅलेंडरचं संगणकासाठी वेगळं सॉफ्टवेअर नाही. पण ते ब्राउझरमध्ये उघडून ॲपसारखं बसवता येतं. क्रोममध्ये तीन टिंबांच्या मेनूत 'इन्स्टॉल पेज ॲज ॲप' हा पर्याय 'कास्ट, सेव्ह अँड शेअर'मध्ये असतो. एजमध्ये तो 'ॲप्स'मध्ये असतो. मॅकवर सफारीच्या फाइल मेनूत 'ॲड टू डॉक' आहे. यातून स्वतंत्र खिडकी आणि चिन्ह मिळतं. जागा जवळजवळ लागत नाही. मात्र हे सगळं ब्राउझरवरच चालतं. नेट वारंवार जाणाऱ्या गावी कामाचा भरवसा हवा असेल, तर नोंदींची प्रत संगणकावर ठेवणारं सॉफ्टवेअरच बरं.

खातं जोडणं: खरा टप्पा इथे आहे

थंडरबर्ड उघडल्यावर डावीकडच्या पट्टीत कॅलेंडरचं चिन्ह दिसेल. त्यावर क्लिक करून 'न्यू कॅलेंडर' निवडा. पहिलाच प्रश्न येतो: 'ऑन माय कॉम्प्युटर' की 'ऑन द नेटवर्क'? आपण सुरुवातीला जे ठरवलं, ते इथे कामी येतं. घाईत पहिला पर्याय निवडला, तर नोंदी फक्त त्या संगणकावर साठत राहतात आणि मोबाईलवर का येत नाहीत, हे कळत नाही.

'ऑन द नेटवर्क' निवडून तुमचा ईमेल पत्ता टाका आणि 'फाइंड कॅलेंडर्स'वर क्लिक करा. गुगलचं खातं असेल तर गुगलचीच साइन इनची खिडकी उघडेल. पासवर्ड तिथेच टाकायचा. मग तुमच्या खात्यातल्या कॅलेंडरांची यादी येईल. हवी ती निवडा आणि 'सबस्क्राइब' करा. आयक्लाऊडसाठी नेहमीचा पासवर्ड चालत नाही. ॲपलच्या खात्यात जाऊन त्या ॲपपुरता वेगळा पासवर्ड तयार करावा लागतो.

आता जुन्या आयसीएस फाइलचं काय? इम्पोर्ट आणि सबस्क्राइब या दोन्हींतला फरक समजून घ्या. इम्पोर्ट केलं की त्या क्षणाच्या नोंदींची प्रत तुमच्या कॅलेंडरमध्ये येते. मूळ ठिकाणी नंतर काही बदललं तरी तुमच्याकडे बदलत नाही. सबस्क्राइब केलं की मूळ कॅलेंडरशी दुवा राहतो आणि बदल येत राहतात. शाळेचं किंवा संस्थेचं वेळापत्रक सबस्क्राइब करावं, आणि स्वतःच्या जुन्या नोंदी एकदाच इम्पोर्ट कराव्यात. तेही आधी एका रिकाम्या कॅलेंडरमध्ये. काही गडबड झाली, तर ते अख्खं कॅलेंडर काढून टाकता येतं. मुख्य कॅलेंडरमध्ये मिसळलेल्या शेकडो नोंदी एकेक निवडून काढणं फार जिकिरीचं होतं.

गुगलच्या प्रत्येक कॅलेंडरला एक गुप्त आयकॅल पत्ता असतो. तो ज्याच्या हाती पडेल त्याला पासवर्डशिवाय तुमच्या सगळ्या नोंदी वाचता येतात. तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. चुकून गेलाच तर सेटिंग्जमध्ये तो रीसेट करता येतो. कुणाला दाखवायचंच असेल, तर त्या व्यक्तीचा ईमेल घालून शेअर करा.

वेळ, तिथी आणि आठवण

थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये कॅलेंडरच्या विभागात टाइमझोन 'एशिया/कोलकाता' आहे ना, ते तपासा. भारतात घड्याळ वर्षभर एकच असतं, पण अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ते वर्षातून दोनदा बदलतं, आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या तारखांना. पुण्यातून न्यू जर्सीतल्या मुलांना गाणं शिकवणाऱ्या बाईंचं उदाहरण घ्या. क्लास तिथल्या सकाळी नऊचा असेल, तर उन्हाळ्यात इथे तो संध्याकाळी साडेसहाला येतो आणि हिवाळ्यात साडेसातला. नोंद भारतीय वेळेत केली तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून ती एक तास चुकणार. म्हणून वेळ ज्यांच्या घड्याळाने ठरली आहे, त्यांच्याच टाइमझोनमध्ये नोंद करायची: इथे 'अमेरिका/न्यूयॉर्क'. मग तुमच्या पडद्यावर भारतीय वेळ आपोआप बरोबर दिसते. परदेशातली मुलं आणि इथले आईवडील यांच्या ठरलेल्या व्हिडिओ कॉललाही हेच लागू.

दुसरा प्रश्न तिथीचा. 'दरवर्षी' असं रिपीट लावलं की सॉफ्टवेअर इंग्रजी तारीख धरतं. वाढदिवसाला ते चालतं, श्राद्धतिथीला आणि सणांना नाही. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली आणि अधिक ज्येष्ठामुळे २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. असा हिशेब साध्या रिपीटने होत नाही. त्यासाठी 'तिथी आणि सण' नावाचं वेगळं कॅलेंडर करा, त्याला वेगळा रंग द्या आणि नवं पंचांग घरी आलं की वर्षभराच्या तिथी एका बैठकीत टाकून घ्या. नोंदीत तिथीचं नावही लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी शोधून तारीख बदलणं सोपं जातं. नोंदी मराठीत लिहायला कुठेच अडचण नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेलं देवनागरी तिन्ही सिस्टीमवर नीट दिसतं आणि शोधताही येतं.

तिसरी गोष्ट रिमाइंडरची. थंडरबर्ड बंद असेल तर त्याचं रिमाइंडर वाजत नाही, पुढच्या वेळी उघडल्यावर उशिरा दिसतं. तेव्हा संगणक सुरू होताना तेही सुरू होईल अशी व्यवस्था करा: मॅकवर 'लॉगिन आयटम्स', मिंटमध्ये 'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स', विंडोजवर 'स्टार्टअप' फोल्डरमध्ये शॉर्टकट. औषधाची वेळ, कोर्टाची तारीख असं चुकूनही चालणार नाही ते मात्र मोबाईलच्या रिमाइंडरवरच ठेवा.

नोंदी दिसेनाशा झाल्या तर

आधी डावीकडच्या यादीत त्या कॅलेंडरपुढची खूण लागलेली आहे का ते पाहा. बऱ्याचदा कॅलेंडर फक्त लपवलेलं असतं. मग ब्राउझरमध्ये तेच खातं उघडा. तिथे नोंदी दिसत असतील तर त्या सुरक्षित आहेत आणि संगणकावरचं खातं काढून पुन्हा जोडलं की काम होतं. एकच नोंद दोनदा दिसत असेल तर तेच खातं दोन वाटांनी जोडलं गेलं आहे का, किंवा सबस्क्राइब केलेलंच पुन्हा इम्पोर्ट केलं आहे का, ते तपासा. नोंदी डिस्कवर ठेवल्या असतील तर थंडरबर्डच्या 'हेल्प' मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. तिथून प्रोफाइल फोल्डर सापडतं आणि नोंदी त्यातच असतात. सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करण्याआधी या फोल्डरची प्रत काढलीच पाहिजे.

काम पुरं झालं, असं कधी म्हणायचं?

तीन चाचण्या घ्या. संगणकावर उद्याची एक नोंद टाका आणि ती मोबाईलवर येते का पाहा. मग मोबाईलवर तिची वेळ बदला आणि संगणकावर बदलते का पाहा. नंतर संगणकाचं इंटरनेट बंद करून महिना उघडा आणि नोंदी दिसतात का पाहा. नोंदी फक्त डिस्कवर ठेवल्या असतील तर पहिल्या दोन चाचण्यांऐवजी आयसीएस फाइल काढून ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

खातं वापरणाऱ्यांनीही दर तीन महिन्यांनी आयसीएसची प्रत काढून तारीख घालून ठेवावी. खातं बंद पडू शकतं, पासवर्ड हरवू शकतो, कुणाच्या हातून अख्खं कॅलेंडर डिलीट होऊ शकतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यासाठी वेगळं लक्षात ठेवायचीही गरज नाही. कॅलेंडरमध्ये पहिली नोंद त्याचीच करा आणि तिला दर तीन महिन्यांचं रिपीट लावून टाका.